मायचं आवतण

आमच्या गावात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला जेवायचं आमंत्रण देतात. खरंखुरं, तोंडानं. संध्याकाळी बैल धुऊन अंगणात आणायचा, वर्षभर जिथं जू बसतं त्या खांद्याला लोणी-हळद लावायची, पळसाच्या पानानं चोळायची आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचं, "आज आवतण घे, उद्या जेवायले ये." याला खांदशेकणी म्हणतात. बैल माश्या उडवायला मान हलवतो आणि आमची माणसं म्हणतात, हो म्हणाला पहा.

हे सगळीकडंच आहे, यात काही नवल नाही. नवल पुढं आहे. आमच्या गावात बैलांचं आटोपलं की त्याच संध्याकाळी आयांचे खांदे शेकतात. लोणी तेच, हळद तीच, आवतणही तेच. आणि दुसऱ्या दिवशी पोळ्याला घरात पहिलं ताट आईचं. शेजारच्या गावात हे नाही. मानोऱ्याकडचे सोयरे येतात तेव्हा तोंडात बोट घालतात आणि विचारतात, हे तुमच्यात कुठून आलं? आता गावातलं शेंबडं पोरगंही माझ्या भावाकडं बोट दाखवतं. झालं, माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण ते मी सुरू केलं. मी. भावानं त्या संध्याकाळी काय केलं ते मला पक्कं आठवतं. त्यानं वाटीतलं लोणी चाटलं होतं.

तेव्हा मी चौथीत असेन. भाऊ अंगणात उघडाबागडा फिरणारा, धड बोलताही येत नव्हतं त्याला. त्या वर्षी आमच्या जोडीतला एक बैल ऐन डवरणीच्या तोंडावर लंगडा झाला. डवरणी म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधून डवरा फिरवून तण काढायचं. पावसानं उघडीप दिली की तेवढ्यातच ते उरकावं लागतं, नाहीतर तण पिकाच्या डोक्यावर बसतं. त्या दिवसांत कोणाकडं बैल मागायची सोय नसते, ज्याची त्याची जोडी ज्याच्या त्याच्या वावरात. एकट्या बैलानं आमचा डवरा चालत नव्हता. मग बाबांनी अडगळीतून हातडवरा काढला. मागून दांडी त्यांनी धरली आणि पुढून दोरी ओढायला माय.

मी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, भावाला सांभाळत बसायची. मायनं दोरीखाली जुन्या लुगड्याची घडी घेतली होती, पण ती सरकायची. वाकून, माती पाहत, ती एक ओळ जायची आणि एक ओळ यायची. बाबा मागून म्हणायचे, "दमली का?" ती म्हणायची, "चाला." बाबा वाईट नव्हते. त्यांना दुसरं सुचलं नाही आणि मायला नाही म्हणणं माहीत नव्हतं. आमची दोन्ही जनावरं ती सारी डवरणी गोठ्यात कडबा खात उभी होती, एक लंगडं म्हणून आणि दुसरं त्याच्या सोबतीला.

मग पोळा आला. बाबांनी दोघांना नाल्यावर नेऊन धुतलं, अंगणात बांधलं आणि लोण्याची वाटी घेऊन बसले. मी बाजूला उभी होते. बैलाची मान अशी गुळगुळीत, केस न् केस जागेवर. माझं तोंड लहानपणापासून फाटकं. मी म्हटलं, "बाबा, याच्या खांद्यावर तं औंदा जू बसलंच नाही."

"वर्षाचा सण हाये वं. द्याच लागते."

"मंग मायले काहून नाही?"

बाबा हसले. "माय का बैल हाये का, वेडे?" आणि मग त्यांचं हसू हळूहळू गेलं. ते खाली पाहून बैलाचा खांदा चोळत राहिले, जिथं चोळून झालं होतं तिथंच.

मी वाटी उचलली. कोणी अडवलं नाही. माय चुलीपुढं बसली होती. मी तिच्या मागं जाऊन पदर बाजूला केला तेव्हा "अवं, काय करून राह्यली?" म्हणून ती ओरडली. चोळीचा गळा जरा खाली ओढला आणि मला दिसलं. दोन्ही खांद्यांवर दोरीचे पट्टे. डाव्या बाजूला खपली धरली होती, उजव्या बाजूला अजून ओलं होतं. मी लोणी-हळद लावली. ती सुसकारली, पण हलली नाही. पळसाच्या पानानं मी अगदी हलक्या हातानं चोळलं, बाबा चोळत होते तसंच. त्याच्यानंतर जे म्हणायचं असतं तेही म्हणाले, कारण ते म्हटल्याशिवाय खांदशेकणी पुरी होत नाही, एवढंच मला ठाऊक होतं.

"आज आवतण घे, उद्या जेवायले ये."

माय खळखळून हसली. मग हसता हसताच पदर डोळ्याला लावला. बैल काही बोलत नाही, पण ती बोलली. "येतो वं माय, येतो. काहून नाही येनार?" आमच्याकडं बायाही 'येतो'च म्हणतात. मला तिनं 'माय' म्हटलेलं पहिल्यांदा ऐकू आलं. मागं वळून पाहते तर भाऊ वाटीत चारही बोटं घालून लोणी चाटत होता, नाकापर्यंत हळद.

दुसऱ्या दिवशी तोरणाखालून पोळा फुटला, बैल घरी आले, बाबांनी उंबऱ्यापुढं त्यांचे पाय धुतले, सुपातून पुरणपोळी चारली. ते झाल्यावर मी मायला उंबऱ्यावर उभं केलं आणि तिच्या पायावर तांब्याभर पाणी ओतलं. "अवं, लोकं पाहून राह्यले," ती म्हणत होती. पाहू देत की. आवतण दिलंय तर जेवू नको घालायला? तिला पाटावर बसवलं, पहिलं ताट तिचं. भाऊ पुरणासाठी भोकाड पसरून रडत होता, बाबांनी त्याला काखेत दाबून धरलं होतं. आमच्या घरात शेवटची जेवणारी बाई त्या दिवशी पहिली जेवली. तिला घास गिळताना कसंतरी होत होतं, सारखी म्हणे, "झालं, झालं, आता तुमी बसा."

आमच्या भिंतीपलीकडं एक काकू राहायची. तिनं भिंतीवरून हे सगळं पाहिलं आणि आधी खूप हसली. पुढच्या वर्षी तिच्याच दोन पोरी माझ्याकडं आल्या, "कसं करतात वं ते, दाखवून दे." मी दाखवलं. पोळ्यात पोरींना तसं काही कामच नसायचं. बैल रंगवायचे पोरांनी, तोरणाखाली न्यायचे बाप्यांनी. त्याच अमावस्येला बाया लेकरांसाठी पिठोरी करतात, त्याचं वाण आमच्या आळीत लेकाच्याच हातात पडायचं. आम्ही पोरी नुसत्या पोळ्या लाटायला. म्हणून हे आम्हाला सापडलं तसं आम्ही घट्ट धरलं. एका आळीतून दुसऱ्या आळीत गेलं. पुढं बौद्धवाड्यातल्या माझ्या वर्गमैत्रिणीनं तिच्या मायचे खांदे शेकले. त्यांच्याकडं पोळा नव्हता, पूजा नव्हती. ती म्हणाली, "खांदे तं आमच्याही मायले हायेत." माझं लग्न होईस्तोवर सारं गाव करायला लागलं होतं. कोणी त्याचा इतिहास विचारत नव्हतं आणि मीही कोणाला सांगत नव्हते. ज्याला ठाऊक होतं त्याला ठाऊक होतं.

भावाला मात्र मी सांगायचे. त्याला आठवत नव्हतं ना. दुपारी मांडीवर थोपटताना तो म्हणायचा, "बाई, मायच्या दोरीचं सांग." मग मी दोरीचं सांगायची, खपलीचं सांगायची, मायनं पदर डोळ्याला कसा लावला ते करून दाखवायची. लोणी चाटल्याचं आलं की तो खुदकन हसायचा. ते त्याला सगळ्यात आवडायचं.

मला दिलं शेलूबाजारला. आमची पिठाची गिरणी आहे, हायवेपासून जरा आत. सणावाराला गिरणीवर दळणाची झुंबड, चण्याची डाळ आणि गहू घेऊन बाया रांगा लावतात, तेव्हा पोळ्याला माहेरी जाणं दर वर्षी जमायचं नाही. सुरुवातीला जीपवाल्यासोबत निरोप द्यायचे, "मायले सांग, उद्या जेवायले ये म्हनाव." पुढं फोन आले. मग मी फोनवर आवतण द्यायची आणि ती तिकडून म्हणायची, "येतो वं माय." आणि दुसऱ्या दिवशी इथं माझ्या घरात पहिलं ताट मी तिच्या नावानं वाढायची. ते जरा वेळ पाटापुढं ठेवायचं, मग गाईला. नवरा सुरुवातीला चिडवायचा, "सासूबाई लय हळूहळू जेवतात बुवा." पण माझ्या घरात त्या ताटाआधी कोणी घास तोंडात घातला नाही. कधीच नाही.

भाऊ शिकला, बोलायला शिकला, आणि बोलणं हाच त्याचा धंदा झाला. आधी ग्रामपंचायतीत, मग त्याच्याही वर डोळा. बाबा गेल्यावर माय त्याच्याकडंच. तो तिला सांभाळतो, खोटं कशाला बोलू. औषध-पाणी वेळेवर, डोळ्याचं ऑपरेशन त्यानंच केलं. त्या मे महिन्यातल्या मातृदिनाला सगळ्यांच्या आया मोबाईलच्या स्टेटसवर येतात तसा तोही मायचा फोटो टाकतो. खाली लांबलचक लिहितो. मी हसून सोडून द्यायची. आमचा मातृदिन काही मोबाईलमधून आलेला नव्हता, तो माझ्या हातातल्या वाटीतून आला होता.

आणि एके वर्षी त्याचा फोन. "बाई, औंदा खांदशेकणीले मोठा कार्यक्रम ठेवला. सगळ्या मायांचा सन्मान. वाशिमहून पाहुणे येनार. तुले याच लागते."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! गिरणी नवऱ्याच्या गळ्यात टाकली. घरच्या दह्याचं लोणी काढलं, डब्यात भरलं. ठेवणीतलं लुगडं नेसले. जीपमध्ये बसल्यावर मनातल्या मनात हिशेब चालला होता की स्टेजवर बोलवलं तर काय बोलायचं. बोलायचं तरी काय, दोन शब्द बोलून खाली बसायचं. पण नाव निघेल, एवढं धरून चालले होते.

गावात शिरतानाच फाट्यावर बॅनर. भावाचा हात मायच्या खांद्यावर, दोघांचे हसरे चेहरे, आणि वर मोठ्या अक्षरात, 'मायचं आवतण सुरू करणारा मायचा लेक.' मी दोनदा वाचलं. वाटलं, छापणाऱ्यानं काही घोळ केला असेल.

मंडपात बायांच्या बाजूला बसले. शेजारी तीच भिंतीपलीकडची काकू, आता पार वाकलेली. पाहुण्यांचे हार-तुरे झाले, मग भाऊ उभा राहिला. आणि सांगायला लागला. डवरणी, लंगडा बैल, हातडवरा, मायच्या खांद्यावरची दोरी. एका बाजूची खपली, दुसऱ्या बाजूचं ओलं. "मी लहान होतो, पण माझ्यानं पाहवलं नाही. बाबाच्या हातातली वाटी मी हिसकली आणि मायच्या खांद्याले लोणी लावलं." त्याचा आवाज भरून आला. मायनं पदर डोळ्याला लावला हेही त्यानं करून दाखवलं, मी त्याला करून दाखवायची अगदी तसंच. बाया डोळे पुसत होत्या. मी दगडासारखी बसले होते. माझ्या मांडीवर थोपटून घेऊन ऐकलेली गोष्ट त्यानं जशीच्या तशी उचलली, त्यातून फक्त मला काढलं आणि तिथं स्वतः उभा राहिला. आणि लोणी चाटल्याचं गाळलं. आयत्या बिळावर नागोबा!

मी काकूला कोपर मारलं. "काकू, तुमी तं पाह्यलं होतं नं!"

काकू समोर पाहत म्हणाली, "पाह्यलं तं पाह्यलं वं बाई. पण माह्या नातवाले त्यानंच कामाले लावलं. मी कायले बोलू?" आणि टाळ्या वाजवायला लागली.

मग त्यानं मायला पुढं आणलं. खुर्चीवर बसवलं, माइक तिच्या तोंडापुढं धरला. "माय, या सगळ्या लोकांले सांग. तुह्या खांद्याले पह्यल्यांदा हळद कोणं लावली?"

मी सांगते, मला तेव्हाही धीर होता. भाऊ काहीही बोलो, तो बोलणाराच आहे. पण ही माय आहे. हिच्या अंगाला ठाऊक आहे कोणाचा हात होता ते. मायनं मंडपावरून नजर फिरवली. मी कुठं बसले ते तिनं पाहिलं. चांगलं पाहिलं, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. आणि माइकमध्ये बोलली, "यानंच लावली. एवढुसा होता."

टाळ्यांनी मंडप फुटला. मी उठून ओरडू शकले असते. तोंड तर माझं फाटकंच आहे. पण माय म्हणते यानं, आणि मी म्हणते मी, मग कोणाचं खरं? भावाच्या वाईटावर टपलेली बहीण, हेच झालं असतं. लोण्याचा डबा माझ्या मांडीवर होता. उन्हानं पातळ होऊन झाकणातून तेलकट ओघळ लुगड्यावर आला होता.

कार्यक्रम संपल्यावर भावाला मागच्या अंगणात गाठलं. तो घाम पुसत होता. म्हणाला, "बाई, तू काहून मनावर घेतं? कोणं केलं त्याले काय महत्त्व हाये? समाजात संदेश गेला पाह्यजे."

संदेश! मी म्हटलं, "मंग माह्या नावानं गेला असता तं संदेशाचे पाय मोडले असते का?" तो हसला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि पाहुण्यांना सोडायला गेला. त्याच्यावर मी तितकी चिडले नाही. त्याला खोटं बोलताना लाज नव्हती, पण ते त्याला आठवतच नव्हतं. इतक्यांदा ऐकून त्याला आता ते खरंच वाटत असेल. मायला आठवत होतं.

ती आत गॅसजवळ बसली होती, चहाला आधण ठेवून. मी दार लोटलं. "माय, तू असं काहून बोलली?"

"काय बोलली?"

"माहीत नाही तुले?"

ती साखर टाकत म्हणाली, "त्याचं तिकिटाचं चालू हाये. मोठे लोक आले होते. चार लोकांत लेकाले खोटं पाडू का मी?"

"अन् मले पाडलं ते?"

"तुले काय कमी झालं? तुह्या घरी गिरणी हाये, जावई सोन्यासारखा हाये. तुहं नाव निघून तुले काय भेटनार होतं?"

मला काय मिळणार होतं, हे मला सांगता आलं नाही. अजूनही येत नाही. मी म्हटलं, "माय, माह्याजवळ या गावातलं दुसरं काय हाये? घर त्याचं, वावर त्याचं, तू त्याची. एवढं एक माहं होतं."

तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, थकून. "तू चार वाजता जीपमध्ये बसशीन अन् चालली जाशीन. मले इथं राह्याचं हाये वं. याच्याच घरात मराचं हाये."

मी चहा न घेता निघाले. लोण्याचा डबा तिच्या ओट्यावरच राहिला.

वर्षभर आम्ही फोनवर बोललो. तब्येत कशी, पाऊस कसा, सोयाबीन कसं. त्या दिवसाचं नाव दोघींनीही काढलं नाही. तोंडात मूग गिळून बसायला मी पहिल्यांदा शिकले. भावाच्या कार्यक्रमाचे फोटो पेपरात आले होते, पोहरादेवीच्या यात्रेत भेटलेल्या एका बाईनं मलाच सांगितलं, "तुमच्या भावानं काय चांगली प्रथा पाडली वो." मी म्हटलं, "हो ना."

पुन्हा पोळा आला. खांदशेकणीच्या दिवशी सकाळी गिरणीवर ही गर्दी. पिठानं माखलेली मी जात्याच्या आवाजात ओरडून बोलत होते, आणि रांगेतल्या बाया बाजूला झाल्या. माय. एकटी. काळीपिवळी जीपमधून उतरून, काठी टेकत, हातात पळसाची चार पानं.

"त्याले सांगून आली का?" मी विचारलं.

"देवळात जातो म्हनून निघाली."

घरात नेलं. ती पाटावर बसली, पाठ माझ्याकडं केली आणि काही न बोलता पदर खाली घेतला. मी कितीही चिडलेली असू दे, तो खांदा पाहिला आणि हात आपोआप लोण्याकडं गेला. खांदा आता हाडाला चिकटलेला, कातडी सैल. पण उजव्या बाजूचा तो पट्टा अजून आहे. जरा जाड, जरा गुळगुळीत. डोळे मिटून बोट लावलं तरी सापडतो. मी लोणी-हळद लावली, पळसाच्या पानानं चोळलं. ती डोळे मिटून बसली होती. म्हणाली, "तुह्या हाताची सर त्याच्या हाताले नाही. थो भसाभस लावते, फोटोसाठी."

मला हसू आलं आणि रडूही. मग ती थांबली. कशासाठी थांबली ते मला कळलं. आवतण राहिलं होतं.

मी पान खाली ठेवलं. "माय, आज तिथं मंडप हाये नं?"

"हाये."

"तो पुन्हा विचारनच, हळद कोणं लावली म्हनून. एक डाव खरं सांग. मोठं नको बोलू, माही तारीफ नको करू. 'लेकीनं' एवढंच म्हन. मंग मी आवतण देतो."

"अवं, पह्यले दे तं खरी."

"नाही."

"तुले माहीत हाये नं, मले माहीत हाये नं. मंग झालं तं! लोकांले कायले?"

"मले चोरून कायले आवतण देऊ माय? मी काय चोरी केली होती का?"

तिनं मी खाली ठेवलेलं पान उचललं, त्याची घडी केली. मग हळूच म्हणाली, "पाह्यतो." एवढंच. पदर सावरला, काठी घेतली. मी तिला हायवेपर्यंत सोडायला गेले. जीपमध्ये चढताना तिला हात दिला तेव्हा तिनं माझा हात जरा जास्त वेळ धरला. मला वाटलं, सांगेल ही. आज सांगेल. गिरणीवर परत येताना माझे पाय हलके झाले होते.

संध्याकाळी भावाचा कार्यक्रम फोनवर लाइव्ह होता. मी गिरणी बंद केली, पट्टा थांबला, आणि पिठाच्या पोत्यावर बसून फोन भिंतीला टेकवला. नवरा बाजूला येऊन उभा राहिला. गेल्या वर्षीपेक्षा मंडप मोठा. माय खुर्चीवर. भावानं तीच गोष्ट सांगितली, आता आणखी सुधारून. मग चांदीची वाटी घेतली, तिच्या मागं गेला, कॅमेरा जवळ आला, आणि त्यानं पदर बाजूला केला.

खांदा आधीच पिवळा होता.

माझी हळद होती ती. ताजी, लोण्यानं चमकणारी. भाऊ थबकला. त्याला कळलं, लगेच कळलं, मूर्ख नाही तो. पुढच्या रांगेतल्या बायाही माना उंचावून पाहायला लागल्या. मी पोत्यावरून उठून उभी राहिले. आता सांगायचीही गरज नव्हती, ती फक्त गप्प राहिली असती तरी चाललं असतं. भावानं पटकन आपला पंजा त्या पिवळ्यावर ठेवला, झाकला, आणि माइकमध्ये हसत म्हणाला, "माय, सांग लोकांले. ही हळद कोणाची?"

मायनं खाली पाहिलं. मग त्याच्या हातावर आपला हात ठेवला, आणि म्हणाली, "याचीच. माह्या लेकाची."

त्यानं तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "आज आवतण घे, उद्या जेवायले ये." आणि ती म्हणाली, "येतो."

नवऱ्यानं हात लांब करून फोन बंद केला. मी पीठ झाडायला लागले. तो म्हणाला, "राहू दे, सकाळी झाडू." मी झाडलं.

दुसऱ्या दिवशी पोळा. पुरण घातलं, पोळ्या लाटल्या, दारात पळसाच्या फांदीचा मेढा ठेवला. जेवायची वेळ झाली तेव्हा सवयीनं माझ्या हातानं पहिलं ताट घेतलं, पोळी वाढली, तूप सोडलं, आमटीची वाटी ठेवली. ताट पाटापुढं मांडलं आणि मग लक्षात आलं की यंदा आवतणच दिलेलं नाही. घरातले सगळे थांबले होते, दर वर्षी थांबतात तसे. तेवढ्यात फोन वाजायला लागला. पडद्यावर माय.

मी पाटावर बसले. ते ताट पुढं ओढलं आणि पहिला घास मी घेतला. फोन वाजत होता. पुरण चांगलं झालं होतं.